कंदांची झोप आणि बागेची नवी मांडणी

मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेल्या महाराष्ट्रीय माणसास डॅफोडिल या फुलाचे नाव ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. आणि ते फूल जमिनीतून उमललेले त्याने प्रत्यक्ष पाहिले आहे, असेही सहसा होत नाही. नावाची ओळख कवितेने करून दिली. १८०२ साली एप्रिलच्या १५ तारखेस विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डॉरोथी ही उत्तर इंग्लंडमधील अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालली असता त्यांना या पिवळ्या फुलांचा लांबच लांब पट्टा दिसला. डॉरोथीने आपल्या रोजनिशीत त्याचे वर्णन लिहून ठेवले. भावाची कविता पुढे दोन वर्षांनी झाली आणि १८०७ साली छापली गेली. तेव्हापासून हे फूल वाऱ्यावर डोलणारे, आनंद देणारे फूल म्हणून जगभरच्या शाळांतून परिचित आहे.

परंतु कवीने पाहिले ते एका दिवसाचे दृश्य. ही फुले वर्षातून तीन-चार आठवडे टिकतात. उरलेल्या अकरा महिन्यांत त्या झाडाचे काय होते, याच्याशी कवीला कर्तव्य नसते. माळ्याला मात्र असते. ज्याला आपल्या बागेतील वाफ्यांची मांडणी बदलावयाची आहे, एका कडेचे कंद उचलून दुसऱ्या कडेला न्यावयाचे आहेत, त्याचे यश या न दिसणाऱ्या अकरा महिन्यांवरच अवलंबून असते. डॅफोडिल, ट्यूलिप, हायसिंथ, क्रोकस, स्नोड्रॉप ही सर्व वसंतात फुलणारी कंदवर्गातील झाडे होत. ती कशी हलवावी, त्याहीपेक्षा केव्हा हलवावी, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम कंद म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज नाही. स्वयंपाकघरातील कांदा पुरेसा आहे. कांदा उभा चिरला असता तळाशी एक लहान, कठीण तबकडी दिसते. तेच त्या झाडाचे खरे खोड. मुळे तिच्या खालून फुटतात. तिच्यावर एकात एक बसलेले जे मांसल पापुद्रे असतात, ती अन्न साठवून जाड झालेली पाने. आणि त्यांच्या अगदी मधोमध पुढील कोंब दडलेला असतो. टोपलीत विसरून राहिलेल्या कांद्यास हिरवी पात फुटते आणि पात जसजशी वाढते तसतसा कांदा आतून पोकळ व मऊ होत जातो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. माती नाही, पाणी नाही, तरी पात आली. कारण कांदा आपल्या शिलकीवर जगत होता. डॅफोडिल आणि ट्यूलिप यांचे कंद याच जातीचे. क्रोकसचा कंद मात्र अळकुडीप्रमाणे आतून भरीव असतो, त्याला पापुद्रे नसतात. रचना निराळी असली तरी साठवणीचा धर्म तोच.

आता या शिलकीचा हिशेब वर्षभर कसा चालतो ते समजून घेतले पाहिजे. शरद ऋतूत जमीन थंड व ओलसर झाली की कंदाच्या तबकडीस मुळे फुटतात. वर काहीही दिसत नाही. खाली मात्र पाय रोवले जातात. त्यानंतर हिवाळा येतो. ही थंडी कंदाला केवळ सोसावी लागते असे नाही, तर ती त्याला हवी असते. ट्यूलिपचा दांडा नीट लांबण्यासाठी बारा ते सोळा आठवडे त्याला थंड जमिनीत राहावे लागते. पुण्यामुंबईकडे हौसेने आणून लावलेला ट्यूलिप दुसऱ्या वर्षी फुलत नाही, याचे मुख्य कारण हेच. भारतात ही फुले विपुल पाहावयाची तर काश्मीरला जावे. श्रीनगरजवळ झबरवान पर्वताच्या पायथ्याशी २००७ साली ट्यूलिपची विस्तीर्ण बाग लोकांस खुली झाली. तेथेही शरदात लावलेले कंद हिवाळा सोसून मार्चअखेरीस आणि एप्रिलात फुलतात.

वसंतात पाने वर येतात, फूल उमलते, कोमेजते. पाहणाऱ्याला वाटते, वर्षाचे काम संपले. वस्तुतः झाडाचे अत्यंत महत्त्वाचे काम याच वेळी सुरू होते. फुलासाठी कंदाने आपली पुंजी खर्च केलेली असते. ती आता पानांनी उन्हाच्या बळावर पुन्हा भरून काढावयाची असते. फूल गेल्यानंतर निदान सहा आठवडे ही पाने राबतात. मग ती पिवळी पडतात, आडवी होतात आणि वाळून जातात. जून सरता सरता जमिनीवर नावनिशाणीही उरत नाही. कंद झोपी जातो.

पण ही झोप मृतवत् नसते. डॅफोडिलच्या कंदात पुढील वर्षाच्या फुलाची इवली कळी मे महिन्याच्या सुमारासच आकार घेऊ लागते. ट्यूलिपमध्ये ती पाने सुकल्यानंतर, ऐन उन्हाळ्यात घडते. कंद खोक्यात कोरडा पडलेला असतानाही घडते. म्हणजे पुढील एप्रिलात दिसणारे फूल आदल्या उन्हाळ्यातच ठरून गेलेले असते. माळ्याने मे महिन्यात केलेली चूक त्याला अकरा महिन्यांनी कळते. आणि तोपर्यंत आपण काय केले होते, हे तो विसरून गेलेला असतो. कंद हलविण्याच्या विद्येतील सारी अडचण या एका गोष्टीत आहे.

ही चूक दोन प्रकारची असते. पहिली उतावळेपणाची. फुले गेली की उरलेली पाने विस्कटलेली, निस्तेज, कुरूप दिसतात. नीटनेटकेपणाची आवड असलेला गृहस्थ ती कापून टाकतो, किंवा मुलीच्या वेणीप्रमाणे त्यांच्या गाठी बांधून ठेवतो. कापल्याने पुंजी भरण्याचा मार्गच बंद होतो. गाठ मारल्याने पानांवर ऊन पडत नाही, म्हणजे निराळ्या रीतीने तेच घडते. पुढील वर्षी नुसती पाने येतात, फूल येत नाही. आणि मग दोष कंदाला किंवा मातीला दिला जातो. काढावयाचे असेल तर फक्त कोमेजलेले फूल खुडावे, म्हणजे बी धरण्यात शक्ती वाया जात नाही. हिरवा दांडा व पाने यांस हात लावू नये.

दुसरी चूक विस्मृतीची. ती इंग्लंडमध्ये विशेषतः घर हातचे दुसऱ्या हाती गेले म्हणजे होते. समजा, एखाद्या वृद्धेने तीस-चाळीस वर्षे एका घरामागे बाग राखली. डॅफोडिलचा कंद एकदा रुजला की आपली पिल्ले वाढवीत अनेक वर्षे त्याच जागी राहतो; लावणारा हात राहत नाही, कंद राहतो. ती गेली, घर विकले गेले, नव्या कुटुंबाने ऑगस्ट महिन्यात ताबा घेतला. मागे येऊन पाहतात तो मोकळी जमीन. येथे हिरवळ करू, तेथे फरसबंदी करू, असा बेत ठरतो आणि कुदळ चालू लागते. मातीबरोबर काही कांद्यांसारखे गोळे वर येतात, काही तुटतात, काही फरशीखाली जातात. दोष त्या कुटुंबाचा नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. पण चाळीस वसंतांची ठेव एका दुपारी नाहीशी होते. म्हणून तेथील अनुभवी माणसे सांगतात की, नवी बाग हाती आली तर एक पूर्ण वर्ष काही बदलू नये. चारही ऋतूंत काय काय वर येते ते पाहावे, कागदावर नकाशा काढावा, आणि ज्या ठिकाणी फुले दिसली तेथे ती उभी असतानाच लाकडाच्या खुणा रोवून त्यांवर नाव व रंग लिहून ठेवावा. जूननंतर हीच खूण डोळ्यांचे काम करते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पाने पूर्ण पिवळी पडली आणि हाताने ओढताच सहज सुटू लागली, म्हणजे कंद झोपला असे समजावे. जून-जुलैचा हा काळ उचलण्यास उत्तम. फावड्याच्या सपाट पात्याने कंद चिरले जातात, म्हणून दातेरी फावडे घ्यावे. ते झाडापासून वीतभर दूर उभे खुपसावे आणि सबंध गठ्ठा खालून उचलावा. वर्षानुवर्षे न हलविलेल्या डॅफोडिलचे कंद एकमेकांस इतके खेटलेले असतात की त्यांना अन्न पुरेनासे होते. पाने दाट आणि फुले विरळ हे त्या गर्दीचे लक्षण. अशा गठ्ठ्यातील जे कंद हलक्या हाताने सुटतील तेच वेगळे करावे. जे तबकडीने अजून जोडलेले आहेत त्यांना ओढून तोडू नये.

सुटे केलेले कंद सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. धुऊ नयेत. माती वाळली की आपोआप झडते. नंतर ते जाळीच्या पिशवीत किंवा फटी असलेल्या खोक्यात एका थराने ठेवावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवल्यास घाम धरून कुजतात. प्रत्येक खोक्यावर नाव लिहावे, कारण झोपलेल्या कंदाच्या चेहऱ्यावरून त्याच्या फुलाचा रंग कोणालाही सांगता येत नाही.

येथे गृहिणींनी लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी आहे. चुकून भाजीत पडल्याने माणसांना वांत्या होऊन ती आजारी पडल्याची उदाहरणे आहेत. उंदीर आणि खारी ट्यूलिपचे कंद आवडीने फस्त करतात, डॅफोडिलच्या वाटेस जात नाहीत, ते यामुळेच. ट्यूलिपचे कंद मात्र माणसांनीही खाल्ले आहेत. पण ते हौसेने नव्हे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन अमलाखालील हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील लोकांनी या कंदांचा मधला कोंब काढून टाकून उरलेला भाग शिजवून पोट भरले. एरवी फुलांचे कंद स्वयंपाकघरापासून दूर ठेवावे, हेच बरे.

साठवण्यापूर्वी आणि पुन्हा लावण्यापूर्वी प्रत्येक कंद बोटांनी दाबून पाहावा. निरोगी कंद घट्ट व वजनदार लागतो. तळाशी मऊ पडलेला, बुरशी धरलेला किंवा आतून तपकिरी कडी पडलेला कंद दया न दाखविता जाळून टाकावा. एकाच्या मोहाने सारे खोके जाते. या तपकिरी कड्यांमागे सूक्ष्म सुतासारखा कृमी असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने इंग्लंडमधील डॅफोडिलची लागवड बुडीत काढण्याची वेळ आणली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विस्ली येथील बागेत जेम्स रॅम्सबॉटम नावाच्या तरुण संशोधकाने यावर उपाय शोधून काढला. सुमारे ११० अंश फॅरनहाइट उष्णतेच्या पाण्यात कंद तीन-चार तास बुडवून ठेवले की कृमी मरतो आणि कंद जगतो. उष्णतेचा थोडा फरकही घातक ठरत असल्याने हा उपाय मोठ्या बागाइतदारांचा आहे, घरगुती नव्हे. पण त्यातील मर्म पाहण्यासारखे आहे. जी उष्णता कोवळ्या मुळांना व कळीला सोसवली नसती, ती झोपी गेलेल्या कंदाला सोसवते. येथेही प्रश्न वेळेचाच होता.

परंतु काही वेळा वाट पाहणे शक्यच नसते. गवंडी ठरलेला आहे, भिंत मे महिन्यातच उभी राहावयाची आहे, आणि पाने अजून हिरवी आहेत. अशा प्रसंगी गठ्ठा मातीसकट उचलावा आणि बागेच्या एका कोपऱ्यात उथळ चर खणून त्यात तिरपा बसवावा. कंद मातीखाली आणि पाने उजेडात राहतील असे करावे आणि पाणी देत राहावे. पाने वाळली की तेथून कंद काढून नेहमीप्रमाणे ठेवावे. आजाऱ्याला एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेताना जशी अंथरुणासकट उचलतात, तशीच ही रीत. पुढील वर्षी फुले थोडी कमी येतील. पण कंद हातचे जाणार नाहीत.

नियमाला एक अपवादही आहे. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फातून डोके वर काढणाऱ्या स्नोड्रॉपचा कंद फार लहान असून तो कोरडा पडला की लवकर सुकून जातो. म्हणून फुले गेल्यावर, पाने हिरवी असतानाच, तो उचलून लगेच नव्या जागी लावण्याची इंग्लंडमध्ये जुनी चाल आहे. एक नियम सर्वांना लावू पाहणारा माळी आणि एकच इयत्ता सर्व मुलांना लावू पाहणारा मास्तर, दोघेही सारखेच फसतात.

पुन्हा लावणीची वेळही प्रत्येकाची निराळी. डॅफोडिलला मुळे लवकर फुटतात, म्हणून तो सप्टेंबरात लावावा. ट्यूलिपला नोव्हेंबरपर्यंत थांबवावे, कारण जमीन पुरेशी गार झाली म्हणजे त्याच्या पानांना होरपळल्यासारखे डाग पाडणाऱ्या बुरशीचे भय कमी होते. ही बुरशी ज्या वाफ्यात दिसली तेथे निदान तीन वर्षे पुन्हा ट्यूलिप लावू नये. खोलीचा साधा नियम असा की, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल खड्डा घ्यावा, आणि दोन कंदांत त्यांच्या रुंदीच्या दुप्पट अंतर ठेवावे. टोक वर, तबकडी खाली. जमीन चिकट असल्यास तळाशी जाड वाळू पसरावी. साचलेल्या पाण्यासारखा कंदाचा दुसरा वैरी नाही. ताजे शेणखत घालू नये, त्याने कूज होते. जुने पालापाचोळ्याचे खत आणि थोडा हाडांचा चुरा पुरे. लहान पिल्ले वेगळ्या ओळीत लावावी. त्यांना फूल धरण्यास दोन-तीन वर्षे लागतात. डॅफोडिलचा मूळ कंद वर्षानुवर्षे टिकतो. ट्यूलिपचा मूळ कंद मात्र फूल देऊन दर वर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवे कंद येतात. ते पुष्कळदा लहान असल्यामुळे पुनर्लावणीत ट्यूलिपची फुले घटली तर निराश होऊ नये.

येथवरची माहिती पुस्तकांतूनही मिळेल. मांडणी बदलणारा माणूस सहसा विसरतो ती गोष्ट निराळी आहे. तो कागदावर वाफ्याचे चित्र काढतो ते फुललेल्या वाफ्याचे. मागे उंच लाल ट्यूलिप, पुढे पिवळे डॅफोडिल, कडेला जांभळे क्रोकस. ते चित्र तीन आठवड्यांचे असते. त्यानंतरचे सहा आठवडे त्याच जागी पिवळी पडणारी, आडवी झालेली पाने असणार आहेत, आणि मग मोकळी माती. चांगली मांडणी ती की जी या मावळतीलाही जागा देते. म्हणून जाणते माळी कंदांच्या आगेमागे अशी झाडे लावतात की जी वसंताच्या अखेरीस पसरतात आणि मरत्या पानांना आपल्या पानांच्या आडोशाने झाकून घेतात. हे साधले म्हणजे पाने कापण्याचा मोहच होत नाही. घरात ज्याप्रमाणे कमावत्या माणसाची खोली आखताना म्हाताऱ्यांच्या खाटेचीही जागा आखावी लागते, त्याप्रमाणेच हे आहे.

या झोपेनेच फुलांना जग दाखविले, हेही सांगितले पाहिजे. हिरवे रोप महिनोन् महिने प्रवास करू शकत नाही. झोपलेला कंद करू शकतो. ट्यूलिप तुर्कांच्या बागांतून युरोपात गेला तो अशाच निजलेल्या अवस्थेत. कॅरोलस क्लुसिअस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली हॉलंडमधील लायडेन येथे आला तेव्हा त्याने आपले कंद बरोबर आणले, आणि पुढील वसंतात ते तेथे फुलले. पुढे याच फुलापायी त्या देशात सट्ट्याचे वेड माजले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये भाव कोसळले. त्या हिवाळ्यात ज्यांची खरेदी-विक्री होत होती ते कंद त्या वेळी जमिनीत होते, आणि ते उन्हाळ्याखेरीज उचलताच येत नव्हते. ज्याला उचलण्याची वेळ आलेली नाही त्याचा व्यापार मांडला, म्हणून त्या व्यवहाराला डच लोकांनी वाऱ्याचा व्यापार असे नाव दिले. कंदाचे पंचांग न मानणाऱ्यांत उतावळे माळीच नव्हे, तर मोठमोठे व्यापारीही होते.

महाराष्ट्रात डॅफोडिल नाही. पण ही शिकवण येथे अगदी परकी नाही. घरोघरच्या निशिगंधाचे कंद दोन-तीन वर्षांनी दाटी करतात आणि फुलांचे दांडे कमी होऊ लागतात. ते काढून, निवडून, पुन्हा लावावे लागतात. कोकणच्या परसातील भुईचाफ्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पावसाळा संपल्यावर त्याची पाने वाळून जातात आणि हिवाळाभर ती जागा उघडी पडते. चैत्र-वैशाखात, एकही पान नसताना, तापलेल्या मातीतून सुगंधी फुले थेट वर येतात. घर दुरुस्त करताना, पायरी बांधताना, त्या उघड्या जागेवर चिऱ्यांचा ढीग कोणी टाकू नये म्हणून जुन्या काळची आजी तेथे एखादी काठी रोवून ठेवी. विस्लीच्या संशोधकाला आणि तिला एकच गोष्ट कळलेली होती.

नवी मांडणी करणाऱ्याने कुदळ हाती घेण्यापूर्वी एवढेच स्वतःला विचारावे, की समोरची जमीन खरोखर रिकामी आहे, की तेथे कोणी निजले आहे?